सतरा, तेवीस, एक्केचाळीस

आबा, आज नातवानं तवा आणला. बिडाचा. मोबाइलवरनं मागवलेला, पांढऱ्या फेसाच्या वड्यांत गुंडाळून आलेला, आणि खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं की हा माल चीनमध्ये तयार झाला. कोल्हापुरात, आबा! ज्या गावात गल्लीबोळात बीड ओततात, त्या गावात समुद्र ओलांडून बिडाचा तवा यावा आणि माझ्या नातवानं तो कौतुकानं माझ्यापुढं धरावा. मी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. खलातला बत्ता उचलला आणि तव्याच्या कडेला टाकन हाणला. नातू हसायला लागला, "आज्जी, दार वाजवतीस काय? आत कोण न्हाय." तवा मात्र चांगला वाजला, लांबपर्यंत. आणि त्या आवाजासरशी मला तुमचा असा राग आला, असा राग आला, की भाकरीचं पीठ परातीत तसंच ठेवून मी ही वही काढून बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मेलेल्या माणसावर एवढं रागवू नये म्हणतात. म्हणू देत. तुम्ही जिवंत होता तेव्हा मी तोंड उघडलं नाही, आता तरी बोलू दे मला.

तुमची गोष्ट मी माझ्या पोरांना सांगताना कायम गुऱ्हाळाच्या इंजिनापासनं सुरू करते. मी सात-आठ वर्षांची असेन. नदीकाठच्या एका गुऱ्हाळाचं विलायती इंजिन ऐन हंगामात बंद पडलं, त्याच्या वरच्या टोपीला तडा गेला. ती टोपी मिळायची विलायतेतनं, आणि बाहेरनं माल आणायचा तर सरकारचा परवाना लागायचा. तो गुऱ्हाळवाला मुंबईला खेटे घालून घालून थकला. इकडं तोडलेला ऊस वाळत पडलेला. शेवटी ती फुटकी टोपी पोत्यात घालून तो तुम्ही मिस्त्री होता त्या फौंड्रीत आला आणि भट्टीजवळ बसून रडला. तुम्ही म्हणालात, "पावणं, रडतायसा कशाला? विलायतेत काय देव बसलाय व्हय? तिथंबी माणसंच वततात की." तीन टोप्या ओतल्यात. पहिली हातोडीनं वाजवलीत, फेकलीत. दुसरी वाजवलीत, फेकलीत. तिसरीला हातोडी लावली तेव्हा मी आईबरोबर तुमचा डबा घेऊन आले होते, दारात उभी होते. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही डोळे मिटून, मान तिरकी करून, तो पार संपेपर्यंत ऐकलात आणि म्हणालात, "हां. ही जाईल." तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं, आणि त्या माणसानं गुळाची अख्खी ढेप आपल्या उंबऱ्यावर आणून ठेवली. त्या दिवसापासनं उद्यमनगरात म्हणायला लागले, मिस्त्रीच्या कानातनं सुटलं ते लोखंड खरं.

मला तुम्ही तो कान दिलात. इतर पोरींना आया रांगोळी शिकवत होत्या आणि तुम्ही मला चुलीपुढं बसवून तवा, खल, शेगडीची जाळी, विहिरीवरचं चाक, जे हाताला लागेल ते वाजवून दाखवत होता. भरीव असलं तर टण्ण. आत पोकळ असलं, चीर असली, तर ठप्प. "डोळ्यास्नी फसवता येतंय, कानास्नी न्हाय," असं म्हणायचात. मग ती शेगडी आठवते का? तुमच्याच फौंड्रीतल्या कुणीतरी आईला दिवाळीला बिडाची शेगडी दिली होती. काय गोंडस होती! आईनं हळदकुंकू लावून ठेवली. तुम्ही आलात, बोटाच्या पेरानं एका पायावर टिचकी मारलीत, आणि तुमचा चेहराच फिरला. ओतताना हवा अडकून भोक पडलेलं, आणि त्या माणसानं लोखंडाचा कीस, नवसागर आणि गंधक कालवून केलेल्या पुट्टीनं ते भरून वरनं काळा रंग मारलेला. सगळीच करायची तसं, फौंड्रीत त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मी मधे बोलले, "ऱ्हाऊ दे की आबा, रंगानं झाकतंय." खाडकन कानाखाली बसली. उभ्या आयुष्यात तुम्ही मला मारलंत ते तेवढंच. "झाकतंय म्हणून चालतंय व्हय गं?" म्हणालात, आणि शेगडी हळदकुंकवासकट उचलून रस्त्यावर टाकलीत. आई रडली. मी नाही रडले. गाल चुरचुरत होता आणि मला वाटत होतं, माझा बाप राजा आहे.

मॅट्रिक झाल्यावर टायपिंगच्या क्लासला मला तुम्हीच घातलंत. भावकी म्हणाली, पोरीला कशाला इंग्लिश टायपिंग. तुम्ही कुणाला भीक घातली नाहीत. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल, तेव्हा फौंड्रीच्या मालकांना परदेशातली पहिली ऑर्डर आली. आफ्रिकेतल्या एका देशात पाण्याचे पंप जुळवणारी कंपनी होती, तिला पंपांची बिडाची कवचं पाहिजे होती. आपण इथनं ओतून पाठवायची, ते तिथं घासून, पंप जुळवून तिथल्या शेतकऱ्यांना विकणार. इंग्लिश पत्रं, मालाच्या याद्या, तपासणीचे दाखले, सगळं टाइप करायला माणूस पाहिजे होतं आणि मालकांनी मला बोलावलं. तुम्ही त्या दिवशी जेवताना थांबत नव्हता. "आजपातूर तिकडनं हिकडं येत हुतं. आता हितलं तिकडं जाणार. आणि कागुद कोण करणार? माझी पोरगी." पहिल्या पगाराआधी तुम्ही मला एक बिडाचं वजन ओतून दिलंत, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून. तळाला माझं नाव. मालक म्हणाले होते, ही ऑर्डर नीट गेली तर पोरीला मुंबईला पाठवू, बंदरातनं माल कसा सुटतो ते सगळं शिकून येऊ दे, मग हा विभाग तीच सांभाळेल. आबा, मी किती वेळा मनातल्या मनात ती मुंबईची पिशवी भरली असेल! तुम्हाला ते माहीत होतं. तुम्हाला सगळं माहीत होतं.

आता ते लिहिते, जे आपल्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. तुमचा कान जायला लागला होता. आयुष्य भट्टीच्या आणि छिन्नीच्या आवाजात गेलं, जायचाच. आई हाक मारायची आणि तुम्ही भलतंच उत्तर द्यायचात. रेडिओ एवढा मोठा, की शेजारीण म्हणायची, आम्हाला वेगळा घ्यायला नको. समोरचा बोलायला लागला की तुम्ही त्याच्या डोळ्यांकडं न बघता ओठांकडं बघायला लागला होता. फौंड्रीत कुणाला कळलं नव्हतं, कारण तिथं सगळेच ओरडून बोलतात. मला कळलं होतं. मी तुमच्या डाव्या बाजूनं चालायची सोडून उजव्या बाजूनं चालायला लागले, तिकडून जरा तरी ऐकू जायचं म्हणून. आणि हे तुम्हाला कळू नये याचीपण काळजी मीच घेत होते. अगं बाई, किती जपलं मी तुम्हाला!

कवचांची तपासणी होती तो दिवस. अंगणात साठ कवचं रांगेनं मांडलेली, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा. तुम्ही हातोडी घेऊन पुढं, मी वही घेऊन मागं, आजूबाजूला दहा-बारा माणसं आणि लांब पायरीवर हिशेब बघत बसलेले मालक. वहीत दोन रकाने, पास आणि नापास. तुम्ही वाजवायचं, खडूनं खूण करायची, तोंडानं सांगायचं, मी आकडा लिहायचा. सोळापर्यंत सगळं झकास. सतराव्याला हातोडी पडली आणि ठप्प. तुम्ही डोळे मिटलेत, मान तिरकी केलीत, डावा तळवा कवचावर ठेवलात आणि म्हणालात, "पास." मी लिहिलं नाही. म्हटलं, "आबा, परत एकदा वाजवा की." तुम्ही माझे ओठ वाचलेत. ते तेवढे शब्द बरोबर वाचलेत! सगळ्यांच्या देखत माझ्याकडं असं बघितलंत, की मला ती जुनी थप्पड परत बसली. "तू लिव. कान माझा हाय." मी लिहिलं. तेवीस, ठप्प, पास. एक्केचाळीस, ठप्प, पास. तिन्ही आकड्यांपुढं मी पेन्सिलीनं बारीक ठिपका दिला. का दिला, तेव्हा मला सांगता आलं नसतं. मग खुर्चीत जाऊन बसले आणि तुमचं वजन कागदांवर ठेवून इंग्लिशमध्ये टाइप केलं की माल निर्दोष आहे. ट्रक मुंबईच्या गोदीकडं निघाला तेव्हा तुम्ही नारळ फोडलात आणि ओल्या खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवलात.

चार-पाच महिन्यांनी पत्र आलं. टपाल मीच फोडायची. पातळ निळसर कागद, स्वच्छ टाइप केलेलं, कसला आरडाओरडा नाही, आणि सोबत तीन फोटो. पाण्याच्या दाबावर घेतल्यावर तीन कवचं फुटली होती, आतल्या भोकांत पुट्टी भरलेली दिसत होती, आणि हे जर एखाद्या शेतात चालू पंपावर झालं असतं तर समोरचा माणूस वाचला नसता, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढची ऑर्डर रद्द. आकडे मी वाचायच्या आधीच मला माहीत होते. मालक सांगलीला गेले होते, उद्या येणार होते. मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि घरी येऊन पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं. मालकांच्या आधी, आईच्या आधी. तुमच्या ताटापुढं बसून, ओठ दिसतील असं तोंड करून, सावकाश सांगितलं. "आबा, सतरा, तेवीस, एक्केचाळीस. मला ऐकू आलं हुतं." तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून बराच वेळ तसाच धरलात. मग म्हणालात, "उद्या बघू." मला वाटलं, उद्या तुम्ही मालकांना सांगणार. मला वाटलं, मी तुमच्या शेजारी उभी राहणार आणि म्हणणार, मालक, ह्यांचा कान थकलाय, पण हात अजून सोन्याचा आहे, ऐकायचं काम मी करते, मला त्यांनीच शिकवलंय. रात्रभर मी ती वाक्यं पाठ केली हो, आबा. पोरगी परीक्षेला बसते तशी.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत तुम्ही माझ्याआधी गेला होता. मला बोलावलं तेव्हा तुम्ही टोपी हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मालक म्हणाले, "काय गं, मिस्त्री म्हणत्यात ही तीन त्यांनी नापास केली हुती. तू आकडे पासच्या रकान्यात लिवलीस. खरं हाय काय?" मला पहिल्यांदा वाटलं माझेच कान गेले. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही कॅलेंडरकडं बघत होता. माझी वही माझ्या बगलेत होती, ठिपक्यांसकट. ती उघडून टेबलावर ठेवायला कितीसा वेळ लागला असता? सगळ्यांना बाहेर बोलावून एक कवच वाजवायचं आणि तुम्हाला विचारायचं, एवढंच करायचं होतं; अंगणातली माणसं मिस्त्रीविरुद्ध आपण होऊन बोलणार नव्हतीच. पण तुमच्या हातातली ती टोपी गोल गोल फिरत होती, आणि ती थांबेचना. मी म्हणाले, "व्हय. माझ्याकडनं चुकलं." मालक चांगला माणूस. ओरडले नाहीत. "उद्यापासनं येऊ नगंस," एवढंच म्हणाले, आणि तुम्हाला म्हणाले, "मिस्त्री, तुमचा कान हाय म्हणून आपली फौंड्री हाय." तुम्ही मान हलवलीत. बिडाचं वजन मी पिशवीत टाकलं आणि चालत घरी आले. तुम्ही नेहमीच्या वेळेला आलात आणि नेहमीसारखं विचारलंत, भाजी काय केलीय.

त्यानंतर गावात कुणी मला टाइपरायटरला हात लावू दिला नाही. उद्यमनगर केवढं, त्यात बातमी किती वेळ राहणार? मिस्त्रीच्या पोरीनं परदेशाची ऑर्डर घालवली. पोरींच्या हातात कागद दिले की असंच व्हायचं. हे मला पाणी भरताना ऐकू यायचं, दळणाच्या रांगेत ऐकू यायचं. मला ऐकू यायचंच ना, तुम्ही शिकवलेला कान! तुम्हाला मात्र यातलं काही ऐकू आलं नाही. वर्षाच्या आत मला चंदगडकडं दिलंत, जिथं तीन महिने ऊन दिसत नाही आणि कोल्हापूरची एसटी वेळेवर आली तर लोकांना आश्चर्य वाटतं. कोल्हापुरात परत राहायला आले ती थेट म्हातारपणी, लेकाच्या मागनं. तुम्ही त्याच फौंड्रीत अजून सहा वर्षं काढलीत. नंतरच्या मालाला मालकांनी दाबाची तपासणी बसवली म्हणून बरं. मी पुष्कळदा विचार केला, तुमच्या बाजूनं पण केला. कान गेलेला मिस्त्री म्हणजे घरी बसलेला मिस्त्री. मागं दोन लहान भाऊ शिकायचे. पोरीची नोकरी आज ना उद्या सुटणारच होती, असं तुम्ही मनाला सांगितलं असणार. सगळं समजतं मला. पण समजलं म्हणून चालतंय व्हय, आबा? तुम्हीच ना शेगडी रस्त्यावर टाकलीत? मी भोक होते का, पुट्टी होते का, का वरचा रंग होते, काय होते मी? तुम्ही एकदा, आईला चोरून, भावांना चोरून, माझ्या कानात म्हणाला असता की पोरी, मी खोटं बोललो, तर मी तिथंच सगळं सोडून दिलं असतं. तेवढ्या एका वाक्याची मी तुमच्या तेराव्यापर्यंत वाट बघितली.

तुम्ही माझ्याकडं एकदाच आलात, फौंड्री सोडून घरी बसल्यावर, माझ्या धाकट्याच्या बारशाला. एसटीतनं उतरलात ते चिंब भिजलेले, हातात गुळाची ढेप. सासूबाई बाहेरच्या सोप्यात, पाहुणे जमलेले, आणि तुम्ही सवयीप्रमाणं सरळ स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन पाटावर बसलात. मी तवा धुऊन तुमच्यापुढं ठेवला. म्हटलं, "आबा, नवा घेतलाय. बघा की वाजवून." तुमचा चेहरा एकदम उजळला. किती वर्षांनी कुणीतरी तुम्हाला ते विचारत होतं. तुम्ही पळी उचललीत, डोळे मिटलेत, मान तिरकी केलीत आणि तव्याच्या कडेला पळी मारलीत. ठप्प. चुलीपाशी बसलेली माझी धाकटी जाऊसुद्धा वळून बघायला लागली. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्या ओठांकडं बघत राहिलात. म्हातारे झाला होता, आबा. डोळ्यांत पाणी होतं, धुरानं असेल. मी म्हणाले, "चांगला हाय न्हवं?" तुम्ही लगेच म्हणालात, "चांगला हाय. लई चांगला हाय," आणि हसलात. त्याच तव्यावर मी तुम्हाला भाकरी करून घातली. दोन खाल्लीत. जाताना एसटीच्या खिडकीतनं हात हलवलात, आणि मी तुम्हाला परत जिवंत बघितलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, कोण पोचवणार? वहीतच राहील. तुमचं वजन त्यावर ठेवते, ते अजून आहे. एवढी पानं मी तुमचंच लिहिलं, तेव्हा आता माझं एक लिहिते आणि पीठ मळायला उठते. तो तवा माझा नव्हता, आबा. माझा चांगला होता, टण्ण वाजायचा, तो मी सकाळीच पिंपामागं लपवला होता. चिरलेला तवा मी शेजारणीकडनं मागून आणला होता, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी.